बातमीच्या गाभाऱ्यांत

नाशिक रोडपासून थोड्या अंतरावर, गोदाकांठच्या शेतजमिनींमध्यें एकलहरे हें गांव वसलें आहे. महाराष्ट्रांत त्याचें नांव परिचित झालें तें तेथील औष्णिक वीजनिर्मिती केंद्रामुळें. केंद्राचीं उंच धुराडीं शेतांपलीकडून दुरूनच दिसूं लागतात. तेथें २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. हे तिन्ही संच पूर्ण शक्तीनें चालले, तर एका तासांत ६ लक्ष ३० हजार युनिट वीज तयार होते. एका युनिटास सुमारें दोन-तृतीयांश किलो कोळसा लागतो असें धरलें, तर तासाला ४२० टन, म्हणजे रेल्वेच्या सात वाघिणी भरतील एवढा कोळसा भट्टींत जातो. भारतीय कोळशांत राखेचें प्रमाण साधारणतः शेंकडा ३० ते ४० असतें. तेव्हां त्या एका तासाच्या मागें सव्वाशें टनांहून अधिक राख उरते, हें कोणाही शाळकरी मुलाला पाटीवर मांडून दाखवितां येईल.

हा कोळसा नाशिक जिल्ह्यांतला नव्हे; तो दूरच्या खाणींतून आगगाडीनें येतो. शहरांतील घरांत एक किलोवॅटची इस्त्री तासभर चालली, म्हणजे कोठें तरी दोन-तृतीयांश किलो कोळसा जळालेला असतो. त्या कोळशाच्या एका टोकाला एकलहऱ्यासारख्या गांवाची राख असते आणि दुसऱ्या टोकाला खाणीसाठीं उठविलेलें एखादें खेडें असतें. वर्तमानपत्रांत ह्याविषयीं कांहींच येत नाहीं असें नाहीं. आंतल्या एखाद्या पानावर चार ओळी येतात. वाचक त्या वाचतो, ‘फार वाईट झालें’ असें म्हणतो आणि पान उलटतो. तेवढ्यावरून त्याचें काळीज दगडाचें आहे असें मानण्याचें कारण नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं त्याचें दुःख मनाला पुरतें भिडत नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे.

दूरची घटना वाचकाच्या जवळ कशी आणावी, हा वृत्तपत्रव्यवसायापुढील फार जुना पेंच आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यावर एक नवाच तोडगा पुढें आला. घटना वाचकाकडे आणण्याऐवजीं वाचकालाच घटनेच्या मध्यभागीं नेऊन उभें करावयाचें! हें ज्या यंत्रविद्येनें साधतें तिला ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, किंवा मराठींत ‘आभासी वास्तव’ म्हणतात. ह्या विद्येनें बातमीला काय दिलें, आणि कोणती गोष्ट तिला देतां येणार नाहीं, हें पाहणें उद्बोधक होईल. तिच्या आरंभीच्या हिंदी प्रयोगांपैकीं एक खुद्द नाशिक जिल्ह्यांत झाला, हें त्याचें आणखी एक कारण.

महाभारतांत भीष्मपर्वाच्या आरंभीं एक प्रसंग आहे. युद्धापूर्वीं व्यास धृतराष्ट्राकडे येतात आणि युद्ध पाहावयाचें असल्यास दृष्टि देतों असें त्याला सांगतात. धृतराष्ट्र ती नाकारतो. आप्तांचा संहार त्याला डोळ्यांनीं पाहावयाचा नसतो. मात्र सारें वर्तमान ऐकावयाचें असतें. मग व्यास ती दिव्य दृष्टि संजयाला देतात. संजयाला आद्य वार्ताहर म्हणण्याची रीतच पडून गेली आहे. परंतु ह्या कथेच्या पूर्वार्धाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. राजानें पाहण्यापेक्षां ऐकणें पसंत केलें, कारण ऐकलेल्या दुःखापासून थोडें दूर राहतां येतें, पाहिलेल्यापासून तितकें राहतां येत नाहीं. कथेंतील दुसरी गोष्टहि तितकीच महत्त्वाची आहे. संजय नुसता पाहत नाहीं. तो निवडून सांगतो, कारणें दाखवितो, आणि ह्या अनर्थास राजाहि जबाबदार आहे हें त्याच्या तोंडावर ऐकवितो. पाहणें आणि सांगणें अशीं बातमीचीं दोन अंगें आहेत. नवें यंत्र पहिल्या अंगाला विलक्षण बळ देतें. दुसऱ्याचें काय होतें, हा खरा प्रश्न आहे.

प्रेक्षकाला प्रसंगाच्या आंत नेण्याची धडपड मात्र आजची नव्हे. रॉबर्ट बार्कर ह्या चित्रकारानें १७८७ सालीं प्रेक्षकांच्या सभोंवार पसरणाऱ्या प्रचंड चित्राची कल्पना पेटंट करून घेतली. अशा चित्रांना ‘पॅनोरमा’ म्हणत. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू सुलतान मारला गेला. दुसऱ्याच वर्षीं, १८०० सालीं, लंडनच्या लायसियम नाट्यगृहांत रॉबर्ट केर पोर्टर ह्या तरुण चित्रकारानें त्या हल्ल्याचें सुमारें १२० फूट लांबीचें अर्धवर्तुळाकार चित्र मांडलें. लोकांनीं तें पाहण्यास गर्दी केली. तटाखालच्या धुमश्चक्रींत आपण स्वतः उभे आहोंत असा भास पाहणाऱ्यांना होई. परंतु चित्रकारानें श्रीरंगपट्टण पाहिलें नव्हतें. शिवाय सारें चित्र हल्ला करणाऱ्यांच्या बाजूनें रंगविलेलें होतें. तटाच्या आंत काय चाललें होतें, तेथील बायकापोरांवर कोणता प्रसंग गुदरला होता, हें त्या १२० फुटांत कोठून दिसणार? भास जितका पुरा, तितकी ‘आपण कोणाच्या बाजूला उभे आहोंत’ ह्या प्रश्नाची आठवण कमी, हा धडा त्या चित्रानें दोनशें वर्षांपूर्वींच दिला होता.

पुढें १८३८ सालीं चार्ल्स व्हीटस्टन ह्या शास्त्रज्ञानें ‘स्टिरिओस्कोप’ ह्या उपकरणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. माणसाचे दोन डोळे एकाच वस्तूचीं किंचित निराळीं चित्रें पाहतात आणि मेंदू तीं एकत्र करितो. त्यांतूनच खोलीची जाणीव होते. म्हणून दोन किंचित निराळीं छायाचित्रें दोन डोळ्यांपुढें धरलीं, तर सपाट कागदावरील देखावा पुढें आल्यासारखा दिसतो. हें तत्त्व पुढें व्यापाऱ्यांनीं उचललें. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धांत जेम्स रिकल्टन ह्या अमेरिकन छायाचित्रकारानें पोर्ट आर्थरच्या वेढ्याचीं अशीं दुहेरी छायाचित्रें घेतलीं, आणि दिवाणखान्यांत बसून युद्ध पाहण्याची सोय झाली.

बातमीचें चलचित्रहि महाराष्ट्राला नवें नाहीं. सावेदादा ह्या नांवानें ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ह्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्रण केलें. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचा सोहळाहि सावेदादांनीं टिपला. भारतांतील पहिलें बातमीचित्र म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. तें पाहणाऱ्या प्रेक्षकाला स्वागतास जमलेली गर्दी दिसत होती; परंतु ती पडद्याच्या चौकटींत होती आणि प्रेक्षक चौकटीबाहेर खुर्चीवर होता. ही चौकट नाहींशी करणें, हेंच आभासी वास्तवाचें सारें कार्य आहे.

हें काम यंत्र कसें करितें तें समजून घेतलें, म्हणजे त्याचा मोह आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. साधा कॅमेरा समोरचा चौकोनी तुकडा तेवढा टिपतो. चौफेर कॅमेऱ्यावर दोन किंवा अधिक भिंगें निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसविलेलीं असतात. त्यांनीं एकाच वेळीं घेतलेलीं चित्रें संगणकाच्या साहाय्यानें कडेला कड जुळवून शिवलीं, म्हणजे वरचें आकाश आणि खालची जमीन धरून चित्रांचा एक अखंड गोल तयार होतो. पाहणारा ह्या गोलाच्या मध्यबिंदूवर आहे अशी कल्पना करावी. त्याच्या डोळ्यांवर एक पेटीवजा चष्मा बांधतात. त्याला हेडसेट म्हणतात. त्यांत दोन भिंगें आणि त्यांच्यापुढें एक लहानसा पडदा असतो. डोकें कोणत्या दिशेस किती वळलें हें मोजणारें सूक्ष्म उपकरणहि त्यांतच असतें. मान डावीकडे वळली, कीं गोलाचा डावीकडील भाग पडद्यावर येतो. मान वर केली, कीं आकाश दिसतें. हा बदल सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागांत व्हावा लागतो. त्याला उशीर झाला, तर डोळे एक सांगतात, कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय दुसरेंच सांगतें, आणि पाहणाऱ्याला गाडी लागल्यासारखें मळमळूं लागतें.

ह्या विद्येचे दोन प्रकार लक्षांत ठेविले पाहिजेत. पहिल्या प्रकारांत खऱ्या जागेचें चौफेर चित्रण असतें. तेथें मान हवी तिकडे वळवितां येते, पण एक पाऊलहि पुढें टाकतां येत नाहीं. कॅमेरा जेथें ठेविला तेथेंच पाहणारा खिळलेला असतो. दुसऱ्या प्रकारांत जागा आणि माणसें संगणकानें घडविलेलीं असतात. तेथें चालतां येतें, वांकून पाहतां येतें. मात्र जें दिसतें तें टिपलेलें नसून रचलेलें असतें. बातमीच्या दृष्टीनें हा भेद मामुली नव्हे.

दुसऱ्या प्रकाराचा बातमीसाठीं उपयोग करून दाखविण्याचें श्रेय अमेरिकन पत्रकार नॉनी द ला पेन्या ह्यांच्याकडे जातें. त्यांची ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ ही कृति २०१२ सालीं सनडान्स चित्रपट-महोत्सवांत दाखविण्यांत आली. फुकट अन्न वांटणाऱ्या एका केंद्राबाहेर रांगेंत उभा असलेला मधुमेही मनुष्य अन्न हातीं येण्यापूर्वींच कोसळतो, अशी ती सत्य घटना आहे. आवाज प्रत्यक्ष त्या जागीं मुद्रित केलेले होते. माणसें संगणकानें घडविलेलीं होतीं आणि तीं फारशीं हुबेहूबहि नव्हतीं. तरीसुद्धां हेडसेट लावलेले लोक त्या पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकून त्याला सांवरावयास जात. चार ओळींची बातमी वाचून पान उलटणारा वाचक आणि हा वांकलेला प्रेक्षक ह्यांतील अंतर सहज ध्यानांत येण्याजोगें आहे.

त्यानंतर ह्या विद्येला भरती आली. २०१५ च्या आरंभीं जॉर्डनमधील झातारी निर्वासित-छावणींतील सिद्रा ह्या बारा वर्षांच्या सीरियन मुलीचें जीवन दाखविणारा ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हा चौफेर माहितीपट संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहकार्यानें प्रसिद्ध झाला. त्याचे एक दिग्दर्शक ख्रिस मिल्क ह्यांनीं ह्या विद्येला सहानुभूतीचें सर्वश्रेष्ठ यंत्र म्हणून गौरविलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें आपल्या दहा लक्षांहून अधिक वर्गणीदारांस वर्तमानपत्रासोबत पुठ्ठ्याची एक घडीची पेटी पाठविली. तींत मोबाइल ठेविला, कीं तीच हेडसेटचें काम करी. तिच्यासाठीं केलेला पहिला माहितीपट ‘द डिस्प्लेस्ड’ हा दक्षिण सुदान, सीरिया आणि युक्रेन ह्या तीन देशांतील बेघर झालेल्या तीन मुलांविषयीं होता.

ही लाट महाराष्ट्रांत पोंचण्यास वेळ लागला नाहीं. ‘शिप ऑफ थीसियस’ ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक आनंद गांधी ह्यांच्या मेमेसिस कल्चर लॅब ह्या मुंबईंतील संस्थेनें २०१६ सालीं ‘एल्स व्ही. आर.’ ह्या नांवाचें एक व्यासपीठ सुरू केलें. त्याची योजना विचारपूर्वक केलेली होती. चौफेर माहितीपट एकटा न देतां, त्या विषयाची पार्श्वभूमि सांगणारा विस्तृत लेख त्याच्या जोडीला द्यावयाचा. म्हणजे दृष्टि आणि वाणी दोन्ही एकत्र ठेवावयाच्या, असें तिचें स्वरूप होतें. ह्या व्यासपीठाच्या आरंभीच्या माहितीपटांपैकीं दोन येथें विशेष विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला खुशबू रांका ह्यांचा ‘राइट टु प्रे’ आणि दुसरा फैझा अहमद खान ह्यांचा ‘कॉस्ट ऑफ कोल’. मालेगांवच्या हौशी चित्रपटकारांवरील ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ ह्या माहितीपटामुळें फैझा अहमद खान ह्यांचें नांव नाशिक जिल्ह्याला परकें नाहीं.

‘राइट टु प्रे’चा विषय त्र्यंबकेश्वराचा आहे. एकलहऱ्यापासून सुमारें चाळीस किलोमीटरांवर असलेलें हें ज्योतिर्लिंगाचें क्षेत्र. १८७० सालीं दादासाहेब फाळक्यांचा जन्म येथेंच झाला, हाहि एक योगायोगच म्हणावयाचा. तेथील गर्भगृहांत पुरुषांना ठराविक वेळीं प्रवेश असे, स्त्रियांना नसे. १ एप्रिल २०१६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें, जेथें पुरुषांना जातां येतें त्या देवळांत स्त्रियांना अडवितां येणार नाहीं, असा निर्वाळा दिला. त्र्यंबकेश्वरींहि स्त्रियांची चळवळ झाली. विरोध झाला, धक्काबुक्कीहि झाली. आणि २१ एप्रिल रोजीं कांहीं स्त्रियांनीं गर्भगृहांत जाऊन दर्शन घेतलें.

अशा प्रसंगीं साध्या कॅमेऱ्यापुढें एक अडचण असते. तो एक तर स्त्रियांचे चेहरे दाखवील, नाहीं तर त्यांना अडविणारा जमाव दाखवील. कोणता चेहरा किती वेळ दाखवावयाचा हें दुसऱ्याच कोणी तरी ठरविलेलें असतें. चौफेर कॅमेऱ्यापुढें दोन्ही बाजू एकाच क्षणीं हजर असतात. पाहणाऱ्याला मान वळवून निवड करावी लागते, आणि एकीकडे पाहतांना दुसरी बाजू आपल्या पाठीमागें उभी आहे ही जाणीव त्याला सोडीत नाहीं. घरांत आरामखुर्चीवर बसून देवळांतील प्रवेशाविषयीं मत देणें सोपें असतें. दोन्ही बाजूंच्या मधोमध उभें राहून तें देणें तितकें सोपें राहत नाहीं. बातमी मनाला भिडते ती ह्या अवघडलेपणांतून.

परंतु ह्याच उदाहरणांत यंत्राची मर्यादाहि दिसून येते. न्यायालयानें ज्या कायद्याचा आधार घेतला तो हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाविषयींचा कायदा १९५६ सालचा आहे. म्हणजे साठ वर्षें तो पुस्तकांत होता आणि देवळाच्या उंबरठ्यावर नव्हता. ही साठ वर्षें कोणत्या कॅमेऱ्यांत दिसणार? त्याहून मागें जावयाचें तर ह्याच नाशिकांत २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढें काहीं वर्षें चालला. त्र्यंबकेश्वराचें २०१६ सालचें दृश्य पाहणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेल तर त्या दृश्याचा अर्थ एक होतो, नसेल तर दुसरा होतो. काळारामाच्या सत्याग्रहाची वार्ता लोकांना मुख्यतः शब्दांनींच कळली, आणि तेवढ्यानेंहि समाज ढवळून निघाला. तेव्हां शब्दाची योग्यता कमी लेखण्याचें कारण नाहीं.

‘कॉस्ट ऑफ कोल’ हा माहितीपट छत्तीसगडांतील कोरबा जिल्ह्याचा आहे. गेवरा, दीपका, कुसमुंडा ह्या प्रचंड उघड्या खाणींचा हा प्रदेश. कोळशासाठीं जमीन, पाणी आणि वस्ती गमावणाऱ्या लोकांचें जीवन हा त्याचा विषय आहे. उघडी खाण किती मोठी असते हें आंकड्यांनीं सांगून कळत नाहीं. छायाचित्राच्या चौकटींत तिचा एक कोपराच मावतो. चौफेर चित्रांत मात्र मान कितीहि वळविली तरी खड्ड्याची कड संपत नाहीं, असा अनुभव येऊं शकतो. आणि जमीन गेली म्हणजे काय गेलें, हें शहरांतील माणसाला तेथें प्रथमच उमगतें. कोणत्या खाणीचा कोळसा कोणत्या केंद्राकडे जातो हा येथें मुद्दा नाहीं. एकलहऱ्याचीं धुराडीं, कोरब्याचा खड्डा आणि शहरांतील दिव्याची कळ हीं एकाच साखळीचीं कडीं आहेत, आणि त्यांतील एकाला दुसरें दिसत नाहीं, हा मुद्दा आहे.

तेथेंहि खड्डा दिसतो, पण त्यामागचें दप्तर दिसत नाहीं. कोळसा असलेली जमीन सरकारला घेतां यावी म्हणून १९५७ सालीं एक स्वतंत्र कायदा झाला. त्याखालीं जमीन कशी जाते, भरपाई कोणत्या हिशेबानें ठरते, घरटी एक नोकरी देऊं म्हणून सांगितलें तर ती कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाहीं, ह्या गोष्टी कचेऱ्यांतील कागदांत असतात. धूळ डोळ्यांना दिसते. धुळीचें माप प्रयोगशाळेंत होतें. पाणी काळें दिसतें; तें कोणामुळें झालें हें सिद्ध करावें लागतें. हें सारें काम वार्ताहरानें पायपीट करून, कागद वाचून आणि प्रश्न विचारूनच करावयाचें असतें. म्हणूनच माहितीपटाच्या जोडीला लेख देण्याची ती योजना केवळ सोय नव्हती. बातमीचें दुसरें अंग शाबूत ठेवण्याचा तो मार्ग होता.

ह्या विद्येचे दोष आणि धोकेहि सांगितले पाहिजेत. चौफेर कॅमेऱ्याला पाठ नसते. त्यामुळें चित्रण चालूं असतांना वार्ताहराला भिंतीआड लपावें लागतें, किंवा आपण चित्रांत दिसूं हें पत्करावें लागतें. तो लपला, तर पाहणाऱ्याला वाटतें कीं येथें कोणी मध्यस्थ नाहींच. जें दिसतें तें निखळ सत्य आहे. वस्तुतः कॅमेरा कोठें ठेवावयाचा, कोणत्या दिवशीं ठेवावयाचा आणि कोणता भाग गाळावयाचा हें सारें त्याच लपलेल्या माणसानें ठरविलेलें असतें. पोर्टरच्या श्रीरंगपट्टणाची हीच गोष्ट होती. दुसरा प्रश्न संमतीचा. साधा छायाचित्रकार एखाद्याला चौकटीबाहेर ठेवूं शकतो. येथें जवळपासचे सगळेच चित्रांत सांपडतात. ज्यांना आपला चेहरा जगाला दाखवावयाचा नसेल, त्यांची विचारपूस आधीं झाली पाहिजे. तिसरी गोष्ट रचलेल्या दृश्यांची. संगणकाकडून हुबेहूब माणसें घडविणें आज पूर्वींपेक्षां फार सोपें झालें आहे. टिपलेलें कोणतें आणि रचलेलें कोणतें, हें पाहणाऱ्याला आरंभींच स्पष्ट शब्दांत सांगितलें नाहीं, तर बातमी आणि बनावट ह्यांतील भिंत कोसळेल.

सहानुभूतीविषयींहि थोडा विवेक हवा. दहा मिनिटें निर्वासितांच्या छावणींत उभें राहून डोळे पाणावणें चांगलेंच. परंतु पाहणाऱ्याला हेडसेट काढून ठेवितां येतो, सिद्राला छावणी काढून ठेवितां येत नाहीं. एका चेहऱ्याविषयीं वाटलेला कळवळा हजारोंच्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास नेहमींच उपयोगीं पडतो असेंहि नाहीं. उलट जो चेहरा पुढें आला त्याच्याकडेच सारा न्याय झुकण्याचा संभव असतो. मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम ह्यांनीं २०१६ सालीं एक संबंध पुस्तक लिहून हा आक्षेप मांडला आहे.

व्यवहारांतहि ह्या विद्येला सर्वत्र यश आलें नाहीं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २०१६ च्या नोव्हेंबरांत रोज एक चौफेर चित्रफीत देण्याचा उपक्रम सुरू केला होता, तो पुढें थांबला. गूगलनें पुठ्ठ्याच्या त्या पेटीची विक्री २०२१ सालीं बंद केली. ह्याचें एक कारण घरगुती आहे. वर्तमानपत्र एकानें मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं ऐकावें, रेडिओभोंवतीं सगळ्या घरानें बसावें, ही बातमीची जुनी रीत. ऐकतां ऐकतां वाद होतो, कोणी जुनी आठवण सांगतें, आणि बातमी पचते. हेडसेट माणसाला एकट्यालाच दूर नेतो; शेजारीं बसलेल्या बायकोला किंवा मुलाला तो काय पाहतो आहे याचा पत्ता नसतो. जी बातमी चर्चेंत उतरत नाहीं ती पाहून झाल्यावर कितपत टिकणार?

मग ही विद्या टाकून द्यावी काय? तसें म्हणणें उतावीळपणाचें होईल. तिचा उपयोग कोठें करावा, हें एकलहऱ्याच्याच उदाहरणानें पाहतां येईल. नाशिकच्या एखाद्या वृत्तसंस्थेनें विजेच्या किंमतीची बातमी द्यावयाची ठरविली, असें श्रोत्यांनीं समजावें. तिनें कॅमेरा एकाच जागीं न ठेवितां चार ठिकाणीं ठेवावा: वाघिणींतून कोळसा उतरतो तेथें, राखेच्या तळ्याशेजारच्या शेतांत, ज्यांची पोटें त्या केंद्रावर चालतात अशा कामगारांच्या वस्तींत, आणि शहरांतील एखाद्या स्वयंपाकघरांत. चारांपैकीं एकच जागा निवडली, तर बातमी त्या बाजूची वकिली होईल. चौथी जागा गाळली, तर पाहणाऱ्याला वाटेल कीं ह्या गोष्टीशीं आपला संबंध नाहीं. प्रत्येक ठिकाणच्या माणसांस आधीं विचारावें, आणि तयार झालेलें चित्र प्रथम त्यांनाच दाखवावें. त्यासोबत लेख असावा. त्यांत कोळशाचा आणि राखेचा हिशेब, राखेचा सिमेंट आणि विटा यांसाठीं होणारा उपयोग, केंद्र बंद पडल्यास किती घरांची चूल अडेल याची चौकशी, हें सारें यावें. शाळांनीं तें चित्र वर्गांत एकेका मुलास दाखवून मागाहून सगळ्यांना त्यावर बोलावयास लावावें. अशा रीतीनें वापरलें, तर हें यंत्र केवळ करमणुकीचें न राहतां लोकशिक्षणाचें साधन होईल.

त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्याविषयींचा झगडा, आंत जावयाचा हक्क कोणाला, ह्याविषयीं होता. बातमीच्या गाभाऱ्याचें दार ह्या विद्येनें घरोघरच्या माणसांना किलकिलें करून दिलें आहे. आंत पाऊल ठेवल्यावर काय पाहिलें, तें कां घडलें आणि त्यांत आपला वांटा किती, हें सांगणारा संजय मात्र बरोबर हवा. धृतराष्ट्राला दृष्टि मिळत असतां त्यानें ती नाकारली, कारण पाहिल्यावर कांहीं तरी करावें लागलें असतें. संध्याकाळीं शहरांतील घरांत कळ दाबली जाते, दिवा लागतो, आणि एकलहऱ्याकडे कोळशाच्या वाघिणी येतच असतात. त्या उजेडांत जो वर्तमानपत्र उघडतो, त्याच्यापुढें तोच प्रश्न आजहि उभा आहे.